पाय दक्षिणेला

(नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यातलं घर. लांबट, अरुंद खोली. मांडीचं हाड मोडलेले पुंजा भाड्यानं आणलेल्या चाकांच्या पलंगावर. बायको चंद्रभागा आणि भूगर्भशास्त्र शिकणारी मुलगी हर्षाली पलंगाच्या दोन टोकांना.)

चंद्रभागा : पलंग फिरवायचा नाय म्हनले ना. उत्तरेला डोकं आन् दक्षिणेला पाय करून माणसाला झोपवत नाय कोणी.

हर्षाली : आई, खिडकी दक्षिणेला, मळा दक्षिणेला. तसं झोपवल्याशिवाय आप्पांना बाहेरचं दिसणार कसं? दिवसभर कपाटाकडे बघत पडलेत.

पुंजा : कपाट चांगलं हाय. दोन दारं हायेत. पुन्हा पुन्हा बघितलं, दोनच हायेत.

चंद्रभागा : आडवा लाव मंग.

हर्षाली : आडवा लावला तर दार उघडत नाही. सकाळी करून बघितलं की आपण.

चंद्रभागा : तर राहू दे हाय तसा. उत्तरेला चुंबक असतं, ते डोक्यात रक्त ओढतं. रक्तात लोखंड असतं. मामाच्या महेशनं मोबाईलवर पाठवलंय. आन् ह्यांच्या तर मांडीतबी सळई घातली आता.

हर्षाली : ती टायटॅनियमची आहे, चुंबकाला चिकटत नाही. आणि रक्तातलं लोह असं ओढलं जात नाही गं. फ्रिजवर तू सप्तशृंगीचं चित्र चिकटवलंयस ना, त्याचं चुंबक पृथ्वीच्यापेक्षा शंभर पट जोरकस आहे. रोज दूध काढायला त्याच्यासमोर उभी राहतेस. ओढलं कधी तुला?

पुंजा : एवढी मोठी पृथ्वी आन् जोर फ्रिजवरच्या चित्राइतकाबी नाय?

हर्षाली : ते लांब तयार होतं ना, आप्पा. इथून काश्मीर जितकं दूर, जवळजवळ तेवढं दोनदा खाली. तिथं वितळलेलं लोखंड आहे. उकळत्या आमटीसारखं खालीवर होतं, आणि पृथ्वी फिरते म्हणून त्याला पीळ पडतो. त्या फिरण्यातून वीज होते, विजेतून चुंबक.

पुंजा : आन् ते थांबलं तर?

हर्षाली : हळूहळू चुंबकही जाईल. पण अब्जावधी वर्षं चाललंय, इतक्यात थांबत नाही. आत हलतंय म्हणून वर टिकलंय.

पुंजा : बघ. आन् मला डॉक्टर सांगतो, हलू नका.

चंद्रभागा : तुम्ही गप पडा.

हर्षाली : आणि आई, ही उत्तर काही कायमची नाही. कधीकधी पूर्ण उलटते. उलटायला हजारो वर्षं लागतात, मागची वेळ होऊन आठेक लाख वर्षं झाली. आपल्याकडचे डोंगर लाव्हाचे. त्यातले कितीतरी थर थंड झाले तेव्हा चुंबकाची उत्तर दक्षिणेला होती. दगडात अजून तशीच उमटलेली सापडते.

पुंजा : म्हणजे आपल्या दारची पायरी पण उलटी निघायची.

चंद्रभागा : निघू द्या. माझ्या बापाला खाली घेतलं, तव्हा त्याची उत्तर काय उलटली नव्हती.

हर्षाली : कोणाला?

चंद्रभागा : तुझ्या आजोबाला. गेला तव्हा. पाय दक्षिणेला करा म्हनले. भाऊ रडत बसला होता. मग मीच धरून फिरवले. तेच हात आता ह्या पलंगाला लावू? मला भीती वाटते.

हर्षाली : मग हे आधी का नाही बोललीस? मी कधीची चुंबक सांगतेय.

चंद्रभागा : तू शिकलेली. भीती वाटते म्हनले असते तर हसली असतीस. वाटलं, चुंबकाचं सांगितलं तर ऐकशील.

हर्षाली : नसते हसले.

पुंजा : जाऊ दे हर्षाली. कपाट बरंय.

हर्षाली : आप्पा, तुम्हीच तर काल म्हणालात, झेंडू बघायचाय.

पुंजा : झेंडूत काय बघायचंय? जन्म गेला त्याच्यात. ही सकाळी एकटी तोडायला जाते. मी जिथं घसरलो तोच ओला बांध हाय. मी पडलो तव्हा हिनं बघितलं म्हणून धावत आली. ही पडली तर मी कपाटच बघत बसणार.

हर्षाली : आई?

पुंजा : हाका मारल्या तरी मला ऐकू येतील का, ते पण माहीत नाय. रोज ती परत येईपर्यंत कान लावून पडतो.

चंद्रभागा : मला नाय बोलले कधी.

पुंजा : तू तरी कुठं बोलली?

चंद्रभागा : हर्षाली, चाकाची कळ काढ. त्या अंगानं धर. सावकाश, मांडीला हिसका नको बसायला.

हर्षाली : आई, नक्की?

चंद्रभागा : धर म्हनले ना. आन् हे झालं की माझी खाट पण अशीच फिरव.

पुंजा : तुझी कशाला? तुला कुठं खिडकीतून बघायचंय?

चंद्रभागा : एकट्याचे पाय तिकडं नको.