साडूभाऊंचे खांदे

...नाही, पण माणसानं फेकावं तरी किती? तुम्हाला सांगतो, माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, आणि बोलतो असा की मालक सकाळी शर्टसुद्धा यालाच विचारून घालतो! दर रविवारी आमच्याकडे जेवायला. घास तोंडात, मोठेपणा ताटाबाहेर... 'आपल्यावाचून तिथं पान हलत नाही, मास्तर.' मास्तर म्हणजे मी, शिंपी. आणि वर माझ्याच घरात बसून मलाच सांगणार की शिवणकामात आहे काय, रेघ मारायची नि मशीन दामटायची. शिसारी येते हो, शिसारी!

गेल्या आठवड्यात दुकानात आला. पंचवीस वर्षं नोकरी झाली म्हणून सत्कार होणार, त्यासाठी कोट हवा. मापं घेताना तोंडाचा पट्टा चालूच, भाषण कसं ठोकणार, मालक कसा गहिवरणार, साहेब लोक कसे उठून उभे राहणार... माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून वाचला. डावा खांदा पडलेला, म्हटलं आत जाड पॅड घालतो, तर म्हणे कशाला, आपले खांदे मुळातच भरदार. शिसारी!

काल पुन्हा आला, कच्चे टाके घातलेला कोट अंगावर चढवून बघायला आत गेला. आत म्हणजे काय, एक आरसा नि प्लायवूडचा आडोसा, आतला श्वास बाहेर ऐकू येतो. आधी भाषणाची तालीम. 'मान्यवर हो...' थांबला. पुन्हा 'मान्यवर...' पुन्हा थांबला. आणि मग अगदी हळू, आरशातल्याला म्हणाला, "तुला कोण ओळखतंय रे तिथं? नावसुद्धा चुकीचं पुकारतील."

मी कात्री धरून तसाच उभा. नाक ओढल्याचा आवाज आला.

बाहेर आला तो छाती काढून. "असा कोट तुझ्या हातून आजवर झाला नसेल, मास्तर. त्याला अंगच तसं लागतं."

जिभेवर उत्तर तयार होतं हो, चांगलं झणझणीत... गिळलं. म्हटलं, "खरंय, साडूभाऊ."

आता सत्कार झाला की रविवारी येणार, तिखटमीठ लावून सांगणार. आणि शिसारी काही केल्या येत नाहीये... ती यायची तेव्हा निदान पोट बिघडलंय सांगून उठता तरी यायचं. आता शेवटपर्यंत बसून ऐकणं आलं!