शोध चालू असल्याची खूण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपल्या शोधकार्यालयाचे आजी-माजी अधिकारी, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सहकारी, सर्वांना नमस्कार.

संगणक विभागातर्फे पाच मिनिटं बोलायचं, असं मला सांगितलंय. मी कागदावर लिहूनही आणलं होतं. पण आता तो कागद पर्समध्येच राहू दे.

ज्यांना आपण आज निरोप देतोय त्यांना आम्ही समोर 'सर' म्हणतो आणि पाठीमागे 'भिंग'. प्रत्येक कागदाला भिंग लावल्याशिवाय सही नाही! सर हसताहेत, म्हणजे ठाऊक होतं तर.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण म्हणालात, "ती एक चूक सोडली, तर कारकीर्द स्वच्छ." आपण प्रेमानंच म्हणालात. पण त्या एका चुकीबद्दलच मला बोलायचंय. नव्या मुलांसाठी थोडं मागून सांगते.

मोठ्या पुरात बेपत्ता झालेल्या माणसांच्या नोंदी ठेवण्यासाठी हे कार्यालय सुरू झालं. अकरा वर्षांपूर्वी चलनासाठी नवं चिन्ह आलं. वरून आदेश आला की महिनाअखेरपर्यंत प्रत्येक संगणकावर ते दिसलं पाहिजे. आमचे संगणक जुने. त्यांच्या पोटात चिन्हांसाठी मोजून दोनशे छप्पन्न खण, आणि सगळे भरलेले. नव्या चिन्हाच्या जागी नुसता रिकामा चौकोन उमटायचा. नवे संगणक मागितले तर उत्तर आलं, "आहे त्यात भागवा." मग काय करणार? कुणाला तरी घराबाहेर काढल्याशिवाय नव्याला जागा नव्हती.

सरांनी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक ठिपका भरून ते चिन्ह काढलं. कुणाचा खण रिकामा करायचा, हे शोधायचं काम माझं. एक खूण कुणी वापरताना दिसत नव्हती. लहानसं वर्तुळ आणि आत टिंब. सर म्हणाले, "मागच्या खोलीतली पुराच्या नोंदींची मूळ कार्डं काढून बघा. तिथे नसेल तरच काढू."

मी त्या खोलीत गेले नाही.

आधी एकदा गेले होते. पहिलंच कार्ड हातात आलं, 'वय चार, पिवळा फ्रॉक, उजव्या पायात पैंजण.' माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्यानंतर कितीतरी दिवस तिला आंघोळ घालताना मी आधी तिचे पाय मोजायचे. दोनच असतात, माहीत आहे. तरी मोजायचे. या वेळी त्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सरांना सांगितलं, "बघितलं सर. कुठेच नाही."

वर्तुळ गेलं, नवं चिन्ह त्याच्या जागी बसलं. आम्ही चहा मागवला.

ती खूण म्हणजे 'शोध चालू आहे'. सहाशे बारा नावांपुढे होती.

तीन आठवड्यांनी महिन्याचा पहिला सोमवार आला. दर पहिल्या सोमवारी एक आजी यायच्या, लेकीची चौकशी करायला. त्यांना वाचता येत नव्हतं. चौकशीच्या खिडकीवरचे कारकून पडदा त्यांच्याकडे वळवायचे, त्या वर्तुळावर बोट ठेवून विचारायच्या, "डोळा उघडा आहे ना गं अजून?" कारकून म्हणायचे, "आहे, आजी." एवढं ऐकून त्या जायच्या. संगणक विभागात आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

त्या सोमवारी खिडकीत नेमकी मी होते. त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच उचललं. नव्या नोटेवरचं चिन्ह त्या ओळखत होत्या.

"हे पैशाचं ना गं? माझ्या पोरीपुढे पैसा कशाला?"

मी पडदा परत माझ्याकडे वळवला.

"तिच्या नावचा पैसा कुणी घेतला? मी तर नाही घेतला. तिला मोडीत काढलं का गं तुम्ही?"

त्या खिडकीपासून मागे सरकत गेल्या. माझ्याकडे पाठ करायचीही त्यांना भीती वाटत होती. नंतर त्या कधीच आल्या नाहीत. सर त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गेल्या. कुठे ते नाही सांगितलं."

चौकशी बसली तेव्हा सरांनी लिहून दिलं, 'तपासणी मी केली होती.' विभागप्रमुखपद गेलं. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन रडत खरं सांगितलं. सर म्हणाले, "त्या खोलीच्या किल्लीच्या वहीत तुमची सही नाही, ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं. मीही विचारलं नाही. बसा. तुम्ही कार्डं वाचा, मी खुणा घालतो."

डोळ्याला दुसरा खण शोधला, आणि मग पाच आठवडे एकेक कार्ड. एका फटक्यात बदलता येत नव्हतं, कारण मधल्या काळात खरी पैशाची चिन्हंही नोंदींत शिरली होती. पिवळ्या फ्रॉकचं कार्डही मीच वाचलं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी खिडकीत सर स्वतः बसले. तुम्ही चेष्टा करायचात, "भिंगाला काउंटरची हौस फार!" मीही हसायचे. वहिनी, त्या चेष्टेत मी होते, हे तुम्हाला आज सांगते. तो डाग सरांचा नाही, माझा आहे. इतिवृत्तात माझ्या नावासकट लिहून घ्यावा.

अजूनही पडद्यावर ते पैशाचं चिन्ह दिसलं की क्षणभर त्याच्यामागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. नवे संगणक आले, खण लाखांनी झाले, तरी वाटतं.

सर, आपले आभार. पहिला सोमवार आता माझा. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, क्रम चुकला असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. त्या जुन्या चुकीची माफी मात्र मी इथे कुणाकडेच मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, तिचा पत्ता कुणालाच माहीत नाही. म्हणून काल सरांच्या शेवटच्या सहीनं एक नवी नोंद केली. आजींचं नाव, अंदाजे वय, 'खिडकीपासून मागे सरकत गेल्या'. आणि नावापुढे डोळा. उघडा.