मिलाबायने खाली उतरवलेली पट्टी

मंडळींनो, बसा. मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

चाळीस वर्षं मी माइकसमोर बसतो. बसतो, उभा राहत नाही. पुढ्यात पेटी असते, आणि बोलायचं सुचलं नाही की एक सूर धरून ठेवायचा, पुढचं आठवतं. आज पुढ्यात काहीच नाही. त्यामुळे बुवा अडखळला तर हसू नका. हसलात तरी चालेल. मिलाबाय हसलीच असती.

ती गेली त्याला आज बारा दिवस झाले. ऐंशी वर्षांची होऊन, सकाळचा चहा पिऊन, ओटीवर बसल्या जागी गेली. कुणकेश्वरची भजनी मंडळं आली आहेत, रेडीची आली आहेत, ओरोसहून नोकरीवाले रजा टाकून आले आहेत. तुम्हा प्रत्येकाच्या मंडळात तिच्या हाताखालून दुरुस्त होऊन गेलेली एक तरी पेटी आहे. असं जगून गेलेल्या बाईसाठी रडारड कशाला करायची? मला तर आज बरं वाटतंय, खरं सांगतो.

तरण्या पोरांना माहीत नसेल. मिलाबायचे वडील चेक. नाव वाच्लाव. त्यांच्या गावात घरोघर ऑर्गन आणि अकॉर्डियन बनायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते मुंबईत आले ते वाद्यं दुरुस्त करायला. त्यांच्या देशाची माणसं तेव्हा अशीच हातातली विद्या घेऊन बाहेर पडली. कोणी चपलांच्या कारखान्यात, कोणी साखर कारखान्याच्या यंत्रांवर. हे आले सुरांवर. मग जर्मनांनी त्यांचा देश घेतला आणि परतायची वाट बंद झाली. एका नाटक कंपनीच्या पायपेटीबरोबर ते मालवणात उतरले, जिथे बिऱ्हाड केलं त्याच घरचे जावई झाले. गावाने वाच्लावचं वासूसायब करून टाकलं.

त्याआधी पेटी बिघडली की मुंबईला जायची. गेली की गेली. चतुर्थी यायची, गणपती यायचे, पेटीचा पत्ता नाही! वासूसायबांनी ते थांबवलं. खाऱ्या हवेत पेटीच्या आतल्या पितळी जिभा, म्हणजे सूर, खराब होतात, म्हणून पावसाळ्यात पेटी चुलीच्या भिंतीलगत ठेवा, हे आपल्याला त्यांनी शिकवलं. आपण समजतो ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत. नाही हो. ती त्या चेक माणसाची रीत.

आणि नाताळ! त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी मासा खातात आणि माशाचं खवलं बरकतीसाठी पाकिटात ठेवतात. तिकडे तळ्यातला मासा असतो म्हणे. इथे मिलाबाय तांबोशी आणायची. आम्हा सगळ्यांना जेवायला बोलवायची आणि प्रत्येकाच्या ताटाखाली एक धुतलेलं खवलं. आमच्या म्हाताऱ्या बापाने पहिल्यांदा ते बघितलं आणि म्हणाला, "मिला गो, खवल्यांची आमका काय कमी?" सगळे हसले. पण जाताना ठेवलं खिशात. करवंदाचा मुरांबा घातलेले तिचे गोल गोड पाव तर गणपतीत मोदकांच्या शेजारी बसायचे. गणपतीने कधी तक्रार केली नाही.

आता मी जे सांगायला उभा आहे ते सांगतो. टाळत होतो, तुम्हाला कळलं असेल.

वीस वर्षांपूर्वी जत्रेत आमची डबलबारी ठरली होती, दोन बुवांचा समोरासमोर भजनाचा सामना. समोरचा बुवा जोरदार. मी काळी चारच्या उंच पट्टीत गायचो, आणि तेव्हा माझा आवाज फाटायला लागला होता. सकाळी थुंकीत रक्त दिसायचं. घरी सांगितलं नव्हतं. पेटी मिलाबायकडे टाकली होती, ती आणायला गेलो आणि तिच्या ओटीवर दोन ओळी गाऊन बघितल्या. ती म्हणाली, "बुवानू, पेटी बरी आसा. गळो फाटलो तुमचो. जरा खाली गावा." मी म्हटलं, "तुमी पेटी बघा. गळो माझो मी बघतंय."

तिने काय करावं? म्हणाली, भाता अजून गळतोय, उद्या न्या. आणि त्या एका दिवसात पेटीतले सगळे सूर दोन घरं खाली बसवले. बोट माझं काळी चारवर, वाजतेय काळी तीन!

बारीच्या आधी आमचा पखवाजवाला कुरकुरला, "बुवानू, पेटी खाली बोलता हा." मी त्यालाच झापलं, "तुझ्या पखवाजाचीच शाई ओली झाली हा, गप रव." बिचाऱ्याने ठोकून ठोकून पखवाज उतरवला. आणि मंडळी, त्या दिवशी मी असा गायलो की समोरच्या बुवाने उठून मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी पखवाजवाल्याने पेटी उघडून खाली बसवलेले सूर दाखवले. मी तसाच तिच्या दारात गेलो. चार माणसं ओटीवर होती. त्यांच्यादेखत ओरडलो, "भजनातला तुमका काय कळता? तुमचो बापूस खंयचो, तुमी खंयची!"

असं बोललो मी. याच तोंडाने.

तिने हातातली कानस खाली ठेवली. म्हणाली, "बापूस खंयचो ता ऱ्हवांदे. सूर वर चढवून होये तर पेटी ठेवन जावा. पेटी माका दुरुस्त करूक येता, बुवानू. गळो येणा नाय."

मी पेटी उचलली आणि घरी आलो. सूर वर चढवून घेतले नाहीत. आजवर नाही. आणि तुम्ही विचारलंत, बुवा, पट्टी कशी काय उतरवलीत, तेव्हा मी काय सांगितलं? "वयाप्रमाणे विचार केला. गाणाऱ्याला स्वतःचा गळा कळला पाहिजे." माइकवरून सांगितलं. शिष्यांना सांगितलं. मिलाबाय पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि मान डोलवायची. एकदाही तिने कोणाला खरं सांगितलं नाही. हाना, तिची नात, आता पेट्यांचं काम तीच बघते, इथे बसलीय. कालपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या बरोबरीचे किती बुवा आज गातात? मी गातोय. मी विचार केला नव्हता, मंडळी. मिलाबायने केला होता. यंदा चतुर्थीआधी माझी पेटी मी हानाकडे देणार आहे, आणि आजीने बसवलेले सूर आहेत तिथेच ठेव असं सांगणार आहे.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. त्याआधी एकच वाक्य, ते तिच्या दारातच बोलायला हवं होतं.

मिलाबाय, तुमचो बापूस ह्याच गावचो. माझा चुकला.