व्हिटॅमिनची गोळी

नाही डॉक्टर, डोस वाढवू नका — तेच सांगायला तुमच्या मागे धावत आले. दुसऱ्या इंजेक्शननंही ह्यांचं कळवळणं थांबलं नाही ना? नाहीच थांबणार. ट्यूब बदलायला स्टुलावर चढले, पडले, पाय मोडला — ते सगळं खरं. पण ‘कुठलं औषध चालू आहे?’ असं विचारलंत तेव्हा ‘काही नाही’ म्हणाले ना, ते खोटं. सांगणार कसे? एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

रोज सकाळी एक गोळी घेतात. मला सांगितलंय, व्हिटॅमिनची. म्हटलं, घ्या हो, तब्येत सुधारेल. रिकामं पाकीट औषधाच्या दुकानात दाखवलं तर दुकानदार माझ्याकडेच संशयानं बघायला लागला! कोकेन सुटावं म्हणून आहे ती. हो, कोकेन. असे बघू नका, हॉटेलात शेफ आहेत, घरी कधी आवाज चढवत नाहीत. तर कोकेन घेतलं की मेंदू आपलं आपणच अफूसारखं काहीतरी सोडतो म्हणे, त्यानंच तर मजा वाढते — आणि ते जिथे जाऊन बसायचं, तिथे ही गोळी आधीच फतकल मारून बसलेली. मजाच निम्मी. सगळ्यांना लागू पडत नाही, ह्यांना पडली. आता तुमच्या इंजेक्शनातलं मॉर्फिनही अफूचंच, तेही त्याच जागेवर बसायला येतं — बसणार कुठे?

आधी का नाही सांगितलं? अहो, पाकीट रिकामं होतं, पण गोळी पोटात जाते की मोरीत, मला काय ठाऊक! आठवडाभर पुन्हा उशिरा येतायत, विचारलं की चिडतायत. जीव नुसता टांगणीला लागला होता माझा. तुम्ही पहिलं इंजेक्शन दिलंत, म्हटलं, आता शांत झोपले तर संपलंच सगळं. आणि हे ओरडले! डॉक्टर, इतकं बरं वाटलं मला — म्हणजे घेतायत, खरंच घेतायत. म्हणून दुसऱ्या इंजेक्शनलाही गप्प बसले. खात्री करून घ्यावी म्हणून.

...हे सांगायचं नव्हतं.

पाय तेवढाच बधिर करता येतो ना? तसं करा. ह्यांना सांगा, गोळीचं औषध रक्तात सापडलं. सासूबाईंना बाहेर पाठवून सांगा. माझ्या लेखी ती अजून व्हिटॅमिनचीच गोळी आहे, कळलं? आणि उभे काय राहिलात — जा की, तिकडे माणूस ओरडतोय!