चढावर मोजलेलं तेल

चिलोए बेटाच्या धक्क्यावर बोटीसाठी रांग लागली होती. एम्पानाडा, म्हणजे सारण भरलेल्या तिखट करंज्या, विकणारी रोसाल्बा एका जुन्या डिझेल गाडीपाशी थांबली. आत नोल्बेर्तो बायकोशी बोलत होता.

"विकायलाच हवी, एदुविना. रोज इंजिनात तेल ओततो आणि ही निळा धूर काढत पिऊन टाकते."

"अहो, घरी चढावर उभी करून मोजता. तिथे तेलाची पट्टी कमीच दाखवणार. इथे सपाटीवर बघा."

नोल्बेर्तोने उतरून बॉनेट उघडलं आणि पट्टी काढून पाहिली.

"अगं, तेल खुणेच्या बोटभर वर आहे."

"म्हणजे पोट भरलेलं असताना पाजत होतात, म्हणून तो धूर."

"आणि तरी वर्षभर हिने एक चढ सोडला नाही. दुसरं इंजिन केव्हाच बसलं असतं."

"पण पाण्यापलीकडे गाडीचं गिऱ्हाईक थांबलंय."

"त्याला फोन कर. ताई, दोन एम्पानाडा द्या, आणि मागच्या गाडीवाल्याला जरा सरकायला सांगा. आम्ही परत निघालो."