बँडला न बुजणारी घोडी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा — माणूस एक शब्दही खोटा बोलला नाही, तरी त्यानं फसवलं, असं होतं का? नाही म्हणता? मग या गेनबाकडे बघा!

गेनबा वरातीचा घोडेवाला. त्याची घोडी चांदणी. एका वरातीत मेल्यांनी तिच्या कानाशीच सुतळी बॉम्ब लावला — झालं! ठार बहिरी! त्यात गेनबाचे गुडघे गेले. रडतच तिला बाजारात नेली.

गिऱ्हाईक आलं, महिपती. "आवाजाला बुजत नाही ना?"

"अहो, कानाशी बँड वाजवा! पापणी हलली तर नाव बदला माझं!"

शब्द न शब्द खरा! हसू नका, पुढं ऐका.

महिपती खूश. "बरं झालं! माझी सुली हिच्यावर बसून शाळेला जाणार. हमरस्ता ओलांडावा लागतो, म्हणून विचारलं."

गेनबाच्या काळजात चर्र झालं! मागून ट्रक आला तर? भोंगा कुणाला ऐकू येणार? त्यानं तोंड उघडलं — आणि मिटलं. पैसे घेऊन घरी आला.

बायकोनं, रखमानं, पान वाढलं. हा घास नुसता चिवडतोय! "अहो, जेवत का नाही?"

"मी एक शब्द खोटा बोललो नाही!"

"अगं बाई! मी कुठं म्हटलं? जेवत का नाही, एवढंच विचारलं!"

उठला! लंगडत लंगडत महिपतीच्या दारात. "पोरीला बसवू नका! बहिरी आहे ती! हे पैसे घ्या."

महिपती भडकला. "बाजारात जीभ झडली होती?"

"तुम्ही विचारलं नाहीत..." म्हणता म्हणता त्यालाच लाज वाटली. "नाही, विचारलंत. काय विचारताय ते मला कळलं होतं."

सुली घोडीच्या गळ्यातच पडली. "बाबा, आता कळलंय ना? मग ठेवू या! रस्त्यापाशी मी उतरून लगाम धरीन. मला येतं की ऐकू!"

महिपती म्हणाला, "फसलो आम्ही. ठेवायची की परत करायची, आम्हीच ठरवणार! घोडी राहील. पण सुलीला शिकवायला तू यायचं!" गेनबा डोळे पुसत हो म्हणाला.

आता तुम्ही! सोयरीक जुळवताना म्हणता, "आमचा मुलगा सुपारीचं खांड तोंडात घालत नाही हो!" अहो, जागा कुठाय? तंबाखू आहे ना तिथं! हसा, हसा. पण आज पानावर बसाल, तेव्हा घास अडतो का बघा. अडला, तर ताट झाकायला सांगा आणि आधी ज्याला फसवलंत त्याच्या दारी जाऊन या. विठ्ठलाचं नाव परत आल्यावर घ्या. तो थांबतो, बाबांनो!