मानव, पिंजरा क्रमांक अकरा

...आणि मी म्हणतो, निदान बसायला एक स्टूल तरी द्या! तर साहेब म्हणाले, "स्टूल नको, नैसर्गिक वाटलं पाहिजे." आता तुम्हीच सांगा, माणसाला बसण्यापेक्षा नैसर्गिक काय असतं? चिंपांझीला टायर, झोका, दोन फांद्या आणि मला काय? कोरडी फरशी!

तुम्हाला सांगतो, झालं असं. मी प्राणिसंग्रहालयात पिंजरे धुतो. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून हेच. अकरा नंबरचा चिंपांझी दाढ दुखते म्हणून आठ दिवस दवाखान्यात गेला, पिंजरा पडला रिकामा, आणि आमच्या साहेबांना रिकामा पिंजरा बघवत नाही. त्यांनी मला बोलावलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू चालशील." कशाला चालेन, हे विचारायच्या आत पेंटर पाटी घेऊन हजर! 'मानव. आढळ: सर्वत्र. आहार: मिळेल ते. दोन पायांवर चालतो, म्हणून कंबर दुखते. पिल्लू वर्षभर चालत नाही आणि पुढे वीस वर्षं घर सोडत नाही. कळपाने राहतो. सतत बोलतो.'

सतत बोलतो! मी! अहो, आई सांगते, मी जन्मलो तेव्हा नर्सने तीनदा थोपटलं, तेव्हा कुठे जरासा खाकरलो. पण करता काय? पाटीवर तसं लिहिलंय!

पहिल्याच दिवशी एक शाळा आली. सर म्हणाले, "मुलांनो, शांत राहा, आता हा बोलेल." चाळीस पोरं जाळीला नाक लावून, श्वास रोखून उभी... आणि मला घाम. एक पोरगी म्हणाली, "सर, हा बंद आहे." सर म्हणाले, "आजारी असेल, चला, पाणघोडा बघू." मग एक आजी आल्या, नातवाला म्हणाल्या, "बघ, जेवला नाहीस की असं होतं!" नातू भोकाड पसरून रडला, आणि मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू... पण त्यांना तोंडाने सांगायचं कसं, की आजी, मी जेवतो हो?

बरं, आत बसल्यावर एक कळतं. बघण्यासारखं सगळं बाहेरच असतं! वाघाकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढणारा प्राणी तुम्ही पाहिलाय? मी रोज शंभर पाहिले. अस्वलाचं पोट भरलं की ते झोपतं. या प्राण्याचं पोट भरलं की तो हात पुसत विचारतो, "संध्याकाळी काय करायचं?" एक जोडपं पाणघोड्यासमोर उभं होतं. बाई म्हणाल्या, "अगदी तुमच्या भावासारखा बसलाय." झालं! पाणघोडा राहिला बाजूला, तासभर भाऊच चालला. सतत बोलतो म्हणजे बोलतोच. पाटीवर तसं लिहिलंय!

तिसऱ्या दिवशी तक्रार गेली. जोडी कुठेय? मादी का नाही? साहेब निघाले थेट तिकीट खिडकीकडे. आणि तुम्हाला सांगतो, मी धावत जाऊन जाळीला चिकटलो. कारण खिडकीत ती बसते.

ती म्हणजे... आता तिला म्हणायचं काय, हाच तर घोटाळा! दोन वर्षं मला तिला एक वाक्य विचारायचंय. 'सुटल्यावर चहा घ्याल का?' बस, चार शब्द. पण सुरुवात कशी करू? सगळे तिला ताई म्हणतात. मी ताई म्हटलं की विषयच संपला. मॅडम म्हणावं तर वाटतं रजेचा अर्ज देतोय. आणि नुसतं 'अहो' म्हणावं तर चहाच्या आधीच संसाराला लागल्यासारखं होतं! म्हणून दोन वर्षं मी खिडकीसमोरून बादली घेऊन जातो. नुसता जातो.

तर साहेब तिला म्हणाले, "दोन दिवस त्याच्याबरोबर बसता का?" ती म्हणाली, "साहेब, सहा वर्षं जाळीच्या आतच बसतेय. माझ्या पिंजऱ्याला पाटी नाही, एवढंच." हे मला चौकीदार काकांनी सांगितलं. पोट धरून हसत होते. मी हसलो नाही. मला ते फार पटलं.

आता सातवा दिवस. काकांची तीस वर्षांची सवय, पाच वाजले की एक ते वीस सगळ्या पिंजऱ्यांना कुलूप. सहा दिवस आठवणीने माझा अकरा सोडला, पण त्या दिवशी दहा झाले, अकरा झाला, खट्! मी तोंड उघडेपर्यंत काका बारा नंबरला. किल्ल्या खिशात, सायकलवर टांग, गेले घरी! आणि तेवढ्यात खिडकी बंद करून ती समोरून निघाली. आता हाक मारायलाच हवी, नाहीतर रात्रभर कोल्हा शेजारी. मी ओरडलो, "ताई... मॅड... बा... अहो!"

ती थांबली. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अगंबाई! खरंच बोलतो की!"

तिने काकांना फोन लावला. काका म्हणाले, "अर्ध्या तासात येतो." आणि तो अर्धा तास, तुम्हाला सांगतो, मी बोललो! ती जाळीच्या पलीकडे कठड्यावर बसली आणि मी आत उभा राहून धबधब्यासारखा बोललो. अस्वलाला साबणाचा वास आवडत नाही, मोर धुतलेल्या फरशीवर मुद्दाम घाण करतो, चिंपांझी माझी बादली ओळखतो... ती हसत होती. कुठला प्राणी एवढं बोलला असता? चहा तेवढा राहिला. म्हटलं, काका आले, दार उघडलं, की बाहेर येऊन ऐटीत विचारू.

काका आले. कुलूप निघालं. ते दाराचं निघालं आणि माझ्या तोंडाला लागलं!

ती दोन मिनिटं थांबली. मग पर्स खांद्याला लावून म्हणाली, "काहीतरी विचारायचं होतं ना? उद्या खिडकीशी या. तिथे जाळी आहे, जमेल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी चिंपांझी परत आला, मी मोकळा. अंघोळ करून, भांग पाडून गेलो खिडकीशी. रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे आठ, मागे वीस. नंबर आला. जाळी होती, ती होती. ती म्हणाली, "बोला." मागचा माणूस म्हणाला, "बोला की राव लवकर!" आणि मी बोललो...

"एक मोठ्यांचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मोठ्यांचं? नक्की?" मी मान हलवली. तिने तिकीट फाडून दिलं.

त्याला आता महिना झाला. रोज रांगेत उभा राहतो, रोज एक मोठ्यांचं घेतो, रोज ती विचारते, "नक्की?" पाटी अजून चिंपांझीच्या पिंजऱ्यामागे भिंतीला टेकून ठेवलीय. काल खडूने खाली एक ओळ मीच लिहून आलो, 'स्वतःच्याच कामावर तिकीट काढून जातो.'

आता करता काय... पाटीवर तसं लिहिलंय!